माझ्या एका तोंडात अख्खा रशिया

रशियन सिनेमावर लेख हाय म्हटल्यावर तुम्ही काय तयारी केली असणार, मला ठाऊक हाय. चष्मा पुसला असणार. पाठीला उशी लावली असणार. आता हा बाबा दाढी कुरवाळत मोठमोठी नावं घेणार, आणि आपण समजल्यासारखी मान हलवायची, असं ठरवूनच बसला असणार.

तसलं काय व्हायचं न्हाय. एक तर मला दाढी अजून नीट येत न्हाय. दुसरं, ती नावं माझ्या जिभेवर चढत न्हायत. एकेक नाव म्हणून संपेपर्यंत कपातला चहा गार होतोय. आणि ह्या अंकात अनुभव लिहिणारी बाकीची मंडळी बघा, सगळी रिटायर झालेली, शाल-नारळ घेतलेली. मी अजून कामालाच धड लागलो न्हाय.

संपादक म्हणाले, "संत्या, तुझ्या कामाविषयी लिही."

म्हटलं, "कुठल्या?" कारण लग्नात मी मिमिक्री करतो, साडीचा सेल लागला की रिक्षात भोंगा धरून बोंबलतो, आणि गल्लीत कुणाला सासूच्या आवाजात बायकोला फोन लावून पाहिजे असंल तर ते पण करून देतो.

म्हणाले, "ते रशियन पिच्चरचं."

तर ते काम असं हाय. पडद्यावर रशियन माणूस तोंड उघडतोय आणि त्यातनं मी बाहेर पडतोय. बाप्या असो, बाई असो, म्हातारी असो, घोडा असो, सगळ्यांच्या तोंडात मीच. तिकडं सोव्हिएत युनियन मोडल्यावर म्हणे परदेशी पिच्चरच्या कॅसेटी घरोघर आल्या, आणि त्या सगळ्या एकच माणूस नाकात बोलून ऐकवायचा. मूळ आवाज खाली बारीक चालू, वरनं ह्याचं रडगाणं. हिरो मेला तरी तोच सूर, हिरोईन लाजली तरी तोच सूर. तेच उलटं करून आमच्या वेराकाकूंनी बेळगावात आणलं. रशियन पिच्चर, मराठी आवाज, माणूस एक. तो मी.

वेराकाकू मूळच्या तिकडच्या. बेळगावातल्याच वडगावच्या विणकराचं पोरगं, म्हणजे आमचे शंकरअण्णा, तरुणपणी मागाचं शिक्षण घ्यायला रशियाला गेलते. येताना शिक्षण आणि काकू दोन्ही घेऊन आले. काकू मराठी शिकल्या सासूकडनं, त्यामुळं शिव्या आधी शिकल्या आणि क्रियापदं मागनं. आमच्याकडं बायका पण 'मी आलो, मी गेलो' म्हणत्यात, तसंच काकू म्हणत्यात. पाठमोऱ्या बसून बोलल्या तर कुणाला सांगून पटणार न्हाय की ही बाई बर्फातनं आल्या म्हणून.

माझी नि त्यांची गाठ पडली गणपतीत. स्टेजवर मी काकूंचीच नक्कल करालतो. भाजीवालीबरोबर कोथिंबिरीच्या पेंडीवरनं भांडणारी वेराकाकू. मंडप नुसता हसून लोळालाय. आणि बघतो तर काकू पहिल्या रांगेत! कार्यक्रम संपल्यावर त्या तडक स्टेजच्या मागं आल्या.

"काय रं मुडद्या, माझा आवाज एवढा बारीक हाय व्हय?"

"न्हाय काकू, ते माईकनं..."

"माईकला कशाला नावं ठेवतोस? आणि कोथिंबीर मी कधी घेतो? आमच्यात शेपू लागतोय. उद्या घरला ये."

गेलो. वाटलं अण्णांच्या हातनं मार हाय. तर लिंबू पिळलेला काळा चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "मी कानात सांगणार, तू माईकात बोलणार. जमंल?"

जमलं कसलं, तीच तर सगळी गंमत. काकू माझ्या डाव्या बाजूला बसणार, कानाशी पुटपुटणार, आणि मी अर्धा श्वास मागनं ते बोलणार. काकूंचा नियम एकच: सपाट बोलायचं. एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगत्यात तसं. "भाव तिकडचा माणूस करतोय, तू करू नको." आता मला सांगा, मिमिक्रीवाल्याला सपाट बोल म्हणजे बैलाला पोळ्यादिवशी नाचू नको म्हटल्यासारखं. त्यात काकूंचं भाषांतर वडगावचं. राजवाड्यातली सरदाराची राणी, गळ्यात मोती, हातात पंखा, तोंड उघडते आणि म्हणते, "ये रं भाड्या, गिळायला ये." मी सपाट म्हटलं तरी हॉल फुटणारच की!

पहिल्या वर्षी आम्ही मुक्या जमान्यातले पिच्चर घेतले. मुका पिच्चर असून आवाज कशाला, असं मला पण वाटलं. पण मधे मधे पाट्या येत्यात त्या वाचायला लागत्यात. तर ते पिच्चर असे: कारखान्याचा भोंगा. मूठ. घोडा. परत मूठ. जाड्या मालकाचा हसणारा जबडा. मूठ. मी वैतागून माईकातच म्हटलं, "मूठ परत आली बघा, काय तर विसरली असणार."

काकूंनी दंडाला चिमटा काढला. तर मागनं शंकरअण्णा उठले आणि लोकांना म्हणाले, "हसू नकासा रं. उभा ताणा निळा घातला आणि आडवा बाणा तांबडा मारला तर कापड कुठल्या रंगाचं दिसतंय?"

"जांभळं," अख्खा हॉल म्हणाला. धूपछाँव साड्या विणणारीच सगळी.

"जांभळं सूत घातलतासा काय?"

"न्हाय."

"मग? मूठ एक रंग, जबडा एक रंग. राग तुमच्या डोळ्यात तयार झाला. बसा खाली."

रशियन सिनेमावरचं माझं शिक्षण एवढंच, आणि ते बी फुकटात झालं. पण अण्णा ज्ञानी बिनी आहेत असा समज करून घेऊ नका. त्यानंतर लगेच ते खुर्चीत घोरायला लागले.

पडदा पण अण्णांनीच विणलेला. मागाला पाहिजे तेवढी रुंदी येत न्हाय म्हणून दोन पट्ट्या मधे शिवून जोडलेल्या. त्यामुळं रशियातला कुठला पण हिरो आमच्याकडं आला की त्याच्या नाकावरनं शिवण जाते. लोकांना त्याची एवढी सवय झाल्या की टीव्हीवर साधं नाक बघून एक म्हातारी म्हणाली, "ह्याला काय तर कमी हाय."

नंतर आम्ही गावं फिरायला लागलो. लढाईनंतरच्या काळातले पिच्चर नेले कडोलीला. त्यात लढाई कमी आणि वाट बघणं जास्त. आई फाटकात उभी, रस्ता मोकळा, पोरगं येत न्हाय. तिथं मी खरंच सपाट बोललो, कारण त्या आईपुढं नक्कल करायचं ध्यानातच आलं न्हाय. काकूंना वाटलं मी सुधारलो. कडोलीला साहित्य संमेलनाची सवय, त्यामुळं पिच्चर संपल्यावर लोकांनी प्रश्न विचारले, आणि प्रश्न पिच्चरपेक्षा लांब झाले. एका काकांचा प्रश्न संपला तवा उत्तर द्यायला आम्ही सोडून कोण उरलंच न्हवतं. उत्तर त्यांना न्हायच पाहिजे होतं म्हणा.

निपाणीला मात्र घोळ झाला. सैनिकांची रांग, थंडी, आणि साहेब घोड्यावरनं काय तर ओरडतोय. काकूंना त्याच वेळेला शिंक आली. कानात काय येईना, साहेबाचं तोंड तर उघडं. माईक हातात धरून मोकळा कसा बसू? माझ्या तोंडातनं आपोआप आमच्या बेळगाव गाडीचा कंडक्टर बाहेर पडला: "मुंदक होगरी, मुंदक! पुढं सरका, मधे जागा हाय!"

आणि पडद्यावरचे सगळे सैनिक खरंच पुढं सरकले.

निपाणीत ज्या शिट्ट्या पडल्या! एकानं मागनं "सुट्टे द्या" म्हणून आवाज टाकला. काकू गाडीत बसल्यापास्नं घरापर्यंत माझ्याशी शब्द बोलल्या न्हाईत. रशियन माणूस गप्प बसला की समोरच्यालाच थंडी वाजते.

दुसऱ्या दिवशी परत तिथंच युनियन मोडल्यानंतरचा एक गुंडांचा पिच्चर होता. चामड्याची जाकिटं घातलेली माणसं बर्फात उभं राहून एकमेकांकडं बघत्यात आणि सिगारेटी ओढत्यात. तंबाखूच्या व्यापारातले एक आजोबा पुढं बसलते. पिच्चरभर हिरोचा धूर बघून म्हणाले, "माल ओला हाय. म्हणूनच चिडचिड करालाय."

आताचे पिच्चर, ते यंत्रावर केलेल्या आगीचे नि आकाशातल्या जहाजांचे, ते पण दाखवले. पण त्यात मला काम न्हाय. सारखा धडाम आवाज, मी बोललो काय, न बोललो काय. काकू म्हणत्यात हे पिच्चर तिकडच्या पोरांनी इकडच्यासारखेच केलेत, त्यात काय बघायचं.

पण ह्या सगळ्यात काकूंचा जीव एकाच पिच्चरवर. त्याचं नाव मी घेत न्हाय, आम्ही त्याला 'नाव' म्हणतो, कारण त्यात एक नाव येते. संथ पिच्चरांच्या जमान्यातला. त्या काळात तिकडं सरकारला घाईचं पाहिजे होतं आणि सिनेमावाल्यांनी हट्टानं सावकाश केलं, असं काकू सांगत्यात. एक माणूस नदीकाठाला उभा. लांब धुक्यात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे नाव. ती येते. येतेय. येऊलालीच हाय. कोण बोलत न्हाय, वाजंत्री न्हाय, पाण्याचा आवाज पण न्हाय. नुसती शांतता.

काकूंची ताकीद होती: "इथं तू गप्प. खोकायचं पण न्हाई."

हा पिच्चर दरवर्षी वडगावच्या समुदाय भवनात लागायचा, आणि दरवर्षी नाव किनाऱ्याला लागायच्या आत हॉल रिकामा. पहिला उठणार कोण? शंकरअण्णा! साक्षात काकूंचे मालक! ताडकन उभं राहून, "लाईट गेली काय गं?" त्याच दमात त्यांच्याभोवतीची मधली रांग, मग बायका, मग पोरं. सगळी दारात जाऊन लांब वस्तीकडं बघणार, दिवे दिसत्यात का म्हणून. दिवे दिसत्यात. मग दारात आलोच हाय तर चहा. चहा पिऊन परत कोण येतंय?

आणि काकू? त्या सीनला त्या पडद्याकडं बघतच न्हवत्या. मान वळवून लोकांकडं बघायच्या. मला वाटायचं, कोण कोण उठालंय त्याची नोंद ठेवालत्यात.

यंदा काकूंनी सांगून टाकलं. "संत्या, बास झालं. ह्या वर्षी पण सगळी उठून गेली तर हे बंद. प्रोजेक्टर शाळेला देऊन टाकतो. मी म्हातारी झालो. ओझी उचलू आणि रिकाम्या खुर्च्या बघू?"

तुम्ही हसाल, पण माझं धाबं दणाणलं. लग्नात मला 'ए मिमिक्री' म्हणत्यात. सेलच्या रिक्षात तर माणूस म्हणून पण धरत न्हाईत. एक हेच काम होतं जिथं पाटीवर माझं नाव असायचं, खाली 'आवाज' असं लिहिलेलं. हे गेलं तर मी परत कोथिंबिरीच्या भांडणाची नक्कल करत बसू?

रविवारी पिच्चर, त्याच्या चार दिवस आधी काकूंच्या घरी गेलतो. पुढच्या खोलीत माग चालू. पॉवरलूमचा आवाज तुम्ही ऐकलाय न्हाय? खटाक-खट, खटाक-खट, भिंतीसकट. आम्हाला बोलायला ओरडायला लागालंय, आणि त्याच्या शेजारी जमखान्यावर अण्णा तान्ह्या पोरासारखे झोपलेले. तेवढ्यात खरंच लाईट गेली. माग थांबला. टाचणी पडली तर ऐकू येईल एवढं शांत झालं.

आणि अण्णा ताडकन उठून बसले. "लाईट गेली काय गं?"

शेजारच्या घरातनं पण तेच. समोरनं पण तेच. अख्खी गल्ली जागी होऊन दारात.

माझ्या डोक्यात तवा उजेड पडला. ह्या लोकांना पिच्चर कंटाळवाणा वाटत न्हाय! ही जन्मल्यापास्नं मागाच्या आवाजात वाढलेली माणसं. पाळण्यात खटाक-खट, जेवताना खटाक-खट. आवाज हाय म्हणजे सगळं बरं चाललंय. आवाज थांबला म्हणजे काय तर बिघडलं, उठा, सूत बघा, लाईट बघा. डोळे म्हणत्यात पिच्चर चालू हाय, पण पाय म्हणत्यात माग बंद पडला. आणि वडगावात पाय डोळ्यांचं ऐकत न्हाईत.

रविवार उजाडला. भवन खच्चून भरलं. काकूंनी ठेवणीतली साडी नेसलेली, अण्णांना मधल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसवलेलं. दरवर्षी तिथंच बसवत्यात. पिच्चर सुरू झाला. मी एवढा सपाट बोललो की एसटी स्टँडनं मला नोकरी द्यावी. मग ती नदी आली. तो माणूस काठाला. धुकं. ठिपका.

शांतता.

काकू कानाजवळनं बाजूला झाल्या आणि मान वळवून बसल्या. मी अण्णांकडं बघितलं. अण्णांच्या पायाची चुळबूळ सुरू. दोन्ही हात खुर्चीच्या हातावर. मागं कुणाची तर खुर्ची करकरली. आता गेलं! आता प्रोजेक्टर शाळेत आणि मी रिक्षात!

मी माईक तोंडाला एकदम जवळ घेतला आणि जीभ टाळ्याला लावून एकदम हळू, लांबनं आल्यासारखं सुरू केलं: खटाक-खट. खटाक-खट. खटाक-खट.

काय सांगू तुम्हाला! अख्ख्या हॉलनं एकदम श्वास सोडला. उठायला लागलेली बुडं परत टेकली. बायकांनी पोरांना मांडीवर घेतलं. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "बघ, नाव आली बघ." नाव येतेय, खटाक-खट, धुकं सरकतंय, खटाक-खट, आणि वडगाव टक लावून बघतंय. माझी जीभ लाकूड झाली, ओठाला फेस आला, पण मी मोडलो न्हाय. नाव किनाऱ्याला टेकली. त्यातनं कोण उतरलं ते वडगावला पहिल्यांदाच कळलं. बायकांनी डोळे पुसले. संपल्यावर टाळ्या थांबंनात. एक आज्जी जाता जाता काकूंचा हात धरून म्हणाली, "लई चांगला पिच्चर गं बाई. एवढी वर्षं मला वाटायचं तो माणूस एकटाच राहतोय."

माणसं गेली. मी प्रोजेक्टरचा पंखा बंद केला आणि छाती काढून काकूंसमोर उभारलो. शाबासकी कुठल्या खांद्यावर घ्यायची ते पण ठरवून ठेवलतं.

काकूंचा चेहरा बघितला आणि खांदा मागं घेतला.

"खूश झालास व्हय रं मुडद्या?"

"काकू, एक माणूस उठला न्हाय!"

"तेच म्हणालोय मी! बघ तिकडं."

मोकळ्या खुर्च्यांच्या मधोमध शंकरअण्णा. मान मागं, तोंड उघडं, गाढ झोपलेले.

"काय सांगितलतो तुला? गप्प बस म्हटलतो का न्हाई? तिकडं रशियातल्या थेटरात असंच खच्चून माणूस होतं. हीच नाव येऊलालती. सगळी श्वास धरून बसलेली. आणि मधल्या रांगेतनं एक काळं पोरगं ताडकन उठून उभारलं. वर दिवे बघतंय, मागं बघतंय, बावरलंय. माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मी म्हटलो, ह्याचं काय हरवलंय? बाहेर आल्यावर विचारलो. तर म्हणतंय, आवाज थांबला, मला वाटलं घरातला माग बंद पडला. एवढ्या लांब बर्फात, ह्याला घरातला माग!"

काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि परत माझ्यावर वळल्या.

"तेवढं बघायला मी दरवर्षी हा पिच्चर लावतो. पण इथं तुम्ही सगळीच उठताय! त्या गर्दीत मला हे दिसतच न्हाईत. म्हटलो एकदा तरी सगळी बसून राहावीत आणि हे एकटे उठावेत. आज सगळी बसली. माझा जन्म गेला त्याची वाट बघण्यात. आणि तू, अंगाई म्हटल्यासारखं खटाक-खट करून माझ्या नवऱ्याला झोपवलास! कुणी शिकवलं तुला हे? आणि माग असा वाजतोय व्हय? ओल्या फळीसारखा?"

बोलून बोलून काकूंना दम लागला. त्या खुर्चीवर बसल्या. मी खाली मान घातली. पंखा बंद, माणसं गेलेली, बाहेर पण कोण न्हाय. भवन एकदम चिडीचूप झालं.

आणि मधल्या रांगेत अण्णा ताडकन उठून उभारले. वर दिव्यांकडं बघितलं, मागं बघितलं, बावरून.

"लाईट गेली काय गं वेरा?"

काकू खुर्चीतनं पुढं वाकल्या. मला वाटलं आता आपण काय तर बोलावं, म्हणून मी तोंड उघडलं.

"तोंड मीट, मुडद्या," काकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एवढं तरी बघू दे."